खूण सापडली, पुढे काय?

नाशिक
8 जानेवारी

प्रिय मंदार,

परवा तू फोनवर सांगितलंस की लोकांच्या पोस्ट वाचून कोण आत्महत्येच्या धोक्यात आहे हे ओळखणारं एआय मॉडेल तुमच्याकडे करायला घेतलंय आणि मराठीचा भाग तुझ्याकडे आलाय. मी नुसतं ‘बघू’ म्हणालो आणि फोन ठेवला. तुला ते लागलं असणार. म्हणून हे पत्र.

ही कल्पना पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. 2013 मध्ये मुनमुन डे चौधरी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य सुरू होण्याआधीच्या काळातली ट्विटं तपासली. रात्रीचं लिहिणं वाढलेलं, इतरांशी बोलणं घटलेलं, लिहिण्यात ‘मी’ जास्त. समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसणारी मुलं आपल्या रात्रींबद्दल असंच सांगतात.

पण तो ‘मी’ इंग्रजीतला आहे, मंदार. आपल्याकडे माणूस खचला की वाक्यातून ‘मी’ निघूनच जातो. ‘नकोसं झालंय.’ ‘करमत नाही.’ ‘कशातच मन लागत नाही.’ कर्ता शोधून दाखव! आणि उलट, ‘मेलो हसून हसून’, ‘जीव खाल्लास माझा’ हे आपण दिवसातून चारदा म्हणतो. त्यात मुलं रोमन लिपीत, मनाला येईल तसं स्पेलिंग करून लिहितात. इंग्रजी डेटा मराठीत उतरवून मॉडेल ट्रेन केलंत, तर ते हसणाऱ्यांना पकडेल आणि गप्प झालेल्यांना सोडून देईल.

फोनवर मी गप्प का झालो तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलानं कुठंतरी दोन ओळी लिहिल्या. कुणीतरी त्या पुढे पाठवल्या, थेट त्याच्या घरी फोन गेला. वडील आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याचा मोबाइल काढून घेतला. हेतू वाईट कुणाचाच नव्हता. पण त्या मुलाची बोलायची एकुलती एक जागा गेली. माझ्या खोलीत येऊन बसायला त्याला सहा आठवडे लागले, आणि आल्यावर पहिला प्रश्न, ‘सर, हे कुणाला सांगणार?’

ब्रिटनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होता होता राहिलं. सॅमॅरिटन्स ही तिथली जुनी, विश्वासाची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2014 मध्ये त्यांनी ‘रडार’ काढलं. तू नाव नोंदवलंस की तू ज्यांना फॉलो करतोस त्यांच्या ट्विटांत ठरावीक शब्द दिसताच तुला ईमेल यायची. ज्याच्यावर नजर होती त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मानसिक आजाराशी झुंजणाऱ्यांनीच आवाज उठवला: आमच्या वाईटावर असलेल्या माणसालाही ही ईमेल जाईल, आम्ही कधी कोसळतो ते त्याला आयतं कळेल. दहा दिवसांच्या आत ते बंद करावं लागलं.

आता तुझ्या आवडीचं, गणित. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या, लाखामागे साधारण 12. समज, धोका असलेली आणि नसलेली, दोन्ही माणसं तुमचं मॉडेल शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखतं. (इतकं चांगलं निघालं तर मी पेढे वाटेन.) तरी लाखातल्या बारांपैकी अकरा सापडतील आणि त्यांच्यासोबत जवळजवळ दहा हजार इतर. त्यातल्या पुष्कळांना आधार हवा असेलही, पण दारात पोलीस किंवा घरी फोन नको असेल.

म्हणून काम घे, पण मीटिंगमध्ये हे विचार: मॉडेलनं कुणावर धोक्याची खूण केली की निरोप कुणाला जाणार? माझं मत, आधी त्या माणसालाच. त्याच्या भाषेत, 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर देऊन. मधे मराठी वाचणारा एक जिवंत माणूस हवाच, पगारी, आणि रात्रपाळीलासुद्धा. ती खूण कॉलेजला, नोकरी देणाऱ्याला, विमा कंपनीला कधीच मिळणार नाही हे लेखी घे. नाही म्हणाले, तर तू सोडून दे. मी तुझ्या पाठीशी आहे.

मुलं दुःख कोणत्या शब्दांत सांगतात त्याची वही मी अकरा वर्षं ठेवतोय. नावं नाहीत, नुसती वाक्यं. ती मुलांना विचारल्याशिवाय तुला देता येणार नाही. पण संक्रांतीला घरी ये. धोका आहे की नाही असं लेबल तुम्ही लावलेल्या शंभर पोस्ट, नावं पुसून, घेऊन ये. आपण दोघं एकेक मोठ्यानं वाचू. काही वाक्यांचा अर्थ आवाजातच लागतो.

तुझा,
विनय