विमान वाऱ्याने उलटले, की आणखी कशाने?

महोदय,

जोरदार वाऱ्यात विमान उतरताना अपघात झाला, की 'वाऱ्यामुळे विमान उलटले' एवढ्यावर बातमी आटोपते. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी मिनियापोलिसहून आलेले एंडेव्हर एअरचे छोटे सीआरजे-९०० विमान ८० जणांसह टोरांटोच्या धावपट्टीवर उताणे पडले, तेव्हा माझ्या वाचनात हेच आले.

त्या दुपारी वारा होता, हे खरेच. वेग २८ नॉट, झोत ३५ नॉटांपर्यंत, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर, आणि तोही उजवीकडून तिरपा. मात्र कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाचा मार्च २०२५ मधील प्राथमिक अहवाल वाचला, तर वाऱ्याने विमान उचलून आपटले असे चित्र दिसत नाही. टेकण्याच्या तेरा-चौदा सेकंद आधी एका झोताने विमानाचा हवेतील वेग १५४ नॉटांवर गेला, म्हणून वैमानिकाने इंजिनांचा जोर कमी केला. पुढे वेग घटत गेला, खाली येण्याची गती मात्र वाढत जाऊन टेकताना ती मिनिटाला सुमारे ११०० फूट झाली. देखभाल-पुस्तिकेनुसार या विमानासाठी मिनिटाला ६०० फुटांपलीकडच्या गतीने उतरणे 'हार्ड लँडिंग', म्हणजे आदळून उतरणे, ठरते. विमान उजवीकडे कललेले असल्याने त्या बाजूच्या चाकांचा आधारदांडा मोडला, पंख तुटला, इंधन पेटले आणि एकाच पंखाचे धड उलटले. अपघाताचे कारण या अहवालाने ठरवलेले नाही, पण घटनाक्रम सांगितला आहे. पट्ट्यांना उलटे लटकलेले प्रवासी पट्टा सोडून छतावर उतरले आणि त्याच छतावरून चालत बाहेर पडले. ८० पैकी एकही दगावला नाही.

हा तपशील वाचकापर्यंत पोहोचत नसल्याने काय होते, ते मी मुंबईत पाहिले. तिथे पावसाळी वारा बहुधा पश्चिमेचा, मुख्य धावपट्टीच्या रेषेतला. तरीही गेल्या जुलैत झोतांमुळे आमच्या वैमानिकाने विमान पुन्हा वर उचलले, तेव्हा शेजारचे गृहस्थ घड्याळाकडे पाहत 'याला उतरवताच येत नाही' असे पुटपुटले. (चहा सांडल्याचे दुःखही त्यात असावे.) उतरणे नीट जमत नसेल तर ते सोडून देणे हेच कौशल्य असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

अपघाताच्या दिवशी पहिल्या पानावर जागा देणाऱ्या वृत्तपत्रांनी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाल्यावर त्यालाही आतल्या पानावर दोन परिच्छेद द्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे