रडारवरचा ठिपका आणि फायबरची होडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मासेमारी नौकेला मालवाहू जहाजाची धडक बसली की बातमीत एक प्रश्न हमखास येतो: ‘रडार असूनही नौका दिसली कशी नाही?’ मी तेवीस वर्षं मालवाहू जहाजांवर वॉच (जहाज चालवण्याची आणि नजर ठेवण्याची पाळी) केली आहे, म्हणून लिहितो.

रडारच्या पडद्यावर सहसा मधोमध आपलं जहाज असतं. अँटेना मिनिटाला वीस-पंचवीस फेरे घेते. तिने सोडलेली रेडिओ लहर कशावर तरी आपटून परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, अँटेनाचं तोंड तेव्हा कुठे होतं त्यावरून दिशा. त्या जागी ठिपका उमटतो, पण ते नौकेचं चित्र नव्हे. लहरींचा झोत एक अंशाचा धरला तरी सहा सागरी मैलांवर तो जवळपास २०० मीटर रुंद होतो. म्हणून १५ मीटरची होडी आडव्या रेघेसारखी दिसते, आणि शेजारी-शेजारी दोन असल्या तर एकच दिसते.

हेसुद्धा लहर परतली तर. लाकूड आणि फायबर ती नीट परतवत नाहीत. त्यात १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या निघतात तेव्हा समुद्र खवळलेलाच असतो. लाटाही ठिपके देतात आणि पडद्याच्या मध्यभागी त्यांचा सडा पडतो. तो कमी करायला ‘सी क्लटर’चं बटण जास्त फिरवलं की लाटांबरोबर होडीही पुसली जाते. जयगडसमोर एका रात्री मला एक पुसट ठिपका चार-पाच फेऱ्यांत एकदाच दिसत होता. लाट समजून सोडणार होतो, तेवढ्यात लुकआउटच्या (बाहेर नजर ठेवणाऱ्या) खलाशाला कंदिलाएवढा उजेड दिसला. होडी होती. आम्ही वळलो.

अधिकाऱ्याची जबाबदारी यातून सुटत नाही. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम अपुऱ्या रडार माहितीवर अंदाज बांधू नका असं स्पष्ट सांगतो. नजर बाहेर हवीच.

पण तांडेलांच्याही (होडीच्या प्रमुखांच्याही) हाती एक उपाय आहे: रडार रिफ्लेक्टर. एकमेकांशी काटकोनात बसवलेले धातूचे तीन पत्रे, आलेली लहर आल्या दिशेने परत धाडणारे. डोलकाठीवर जमेल तितक्या उंच बांधायचे. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. बंदी उठण्याआधीच्या आठवड्यात आपण त्याचं चित्र आणि बांधायची पद्धत कोकण आवृत्तीत पहिल्या पानावर छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी