सांधा बोटांनी वाचायला शिकवा

संपादक महोदय,

सांधे दुखतात म्हणून आलेल्या रुग्णाला आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्तचाचणी), युरिक अॅसिड आणि एक्स-रे लगेच लिहून मिळतात. त्याचा पंजा हातात घेऊन तपासला जाईलच असे नाही. दोष फॅमिली डॉक्टरांचा नाही. व्याख्यानांत त्यांना वाकड्या बोटांचे फोटो दाखवतात. बोटे वाकडी झाल्यावर आमवात कोणीही ओळखेल. सुरुवातीची सूज हाताला लागते, फोटोत नाही.

अंगठ्या काढायला लावून मूठ वळवायला सांगावी. मुठीच्या उंचवट्यांमधले खळगे बुजलेले दिसले की तिथेच शंका घ्यावी. मग चारही बोटांची मुळे आडवी धरून हलकेच आवळावीत, आणि तेव्हा नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. पावलांचेही तसेच. पाऊल हमखास राहते, कारण बूट-मोजे काढायला लावायचा कंटाळा. त्यात आमवात किती आहे हे ठरवायला डॉक्टर जे 28 सांधे तपासून मोजतात, त्या प्रचलित मोजणीतही पाऊल नाही, आणि आजार पुष्कळदा तिथूनच सुरू होतो!

नवशिक्याची बोटे चुकतात ती जागेवर. बोटाच्या मुळाशी सांध्याची फट उंचवट्याच्या टोकावर नसते, सेंटीमीटरभर पुढे, नखाच्या दिशेला असते. तो हाडावर दाबतो आणि ‘सूज नाही’ लिहून मोकळा होतो. दाब किती द्यावा? आपल्या अंगठ्याच्या नखाचे टोक पांढरे पडेल इतका. एका अंगठ्याने दाबले की दुसऱ्याखाली सूज सरकल्यासारखी लागते. आमवाताची सूज लिबलिबीत असते. सांधा झिजून आलेली गाठ टणक, बहुधा नखाजवळच्या पेरावर.

‘दुखते का?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ असे विचारावे. उत्तर अर्ध्या तासाच्या पुढे गेले तर आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नये. तो धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असूनही निगेटिव्ह येतो. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला असेल तर मात्र जंतुसंसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी सांध्यातले पाणी काढून पाहायला हवे. तिथे आधीच स्टेरॉइड टोचणे धोक्याचे.

प्रशिक्षण चार-पाच डॉक्टरांच्या गटात व्हावे. एका बाजूला आमवाताचा रुग्ण, शेजारी झिजेचा, आणि दोघांचे हात डोळे मिटून चाचपायचे. रुग्णालाच थोडे शिकवून घेतले तर त्याच्यासारखा मास्तर नाही: ‘डॉक्टर, थोडे पुढे दाबा, आता बरोबर,’ हे तोच सांगू शकतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसवावे, नाहीतर हात विसरतो.

त्रास सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञापुढे यावा. चिठ्ठीत नुसते ‘सांधेदुखी’ लिहू नये. कोणते सांधे सुजलेत, कधीपासून आणि स्टेरॉइड दिले आहे का, एवढे लिहावे. स्टेरॉइडने सूज उतरलेली असेल तर तज्ज्ञाच्याही हाताला काही लागत नाही.

आपला,
एक संधिवाततज्ज्ञ