काटाजोड

कोल्हापूर,
सोमवार, रात्री

चि. सोन्यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोस्टात टाकलं तर ते पोचायच्या आत तुझी इंग्लंडातली बॉक्सिंगची लढत होऊन जाईल, म्हणून ताई याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. फोन केला असता, पण बोलायला बसलो की आपलं काय होतं ते परवा जेवताना झालंच. शिवाय कागदावर माझी भाषा जरा शाळेतली, शहाण्यासारखी येते. फोनवर "अरं, ऐकतोस का" याच्या पुढं माझी गाडी जात नाही.

पहिलं सांगते. डबा ओट्यावर ठेवून गेलास म्हणून मी रात्रभर धुसफुसत होते. पहाटे डोक्यात आलं की तू तो रागानं ठेवला नाहीस, तुला खायचंच नव्हतं. बुधवारी लढत ठरवणाऱ्या त्या इंग्लंडवाल्यांचा फोन आला तेव्हा तू 66 किलो होतास, आणि या शुक्रवारी 61.2 वर उभं राहायचंय. पण वजनाबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. ताईला तसा शब्द दिलाय.

मला परवा एवढंच विचारायचं होतं, की तुला निवडलं कुणी आणि कशासाठी. तू म्हणालास, "आई, तुला त्यातलं काय कळतं." बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय रे. आकड्यांतलं थोडं कळतं.

तुझ्या सातही लढतींच्या नोंदी मी बसून काढल्या. ते सात जण तुझ्यासमोर आले तेव्हा सगळ्यांचे मिळून विजय होते 9 आणि पराभव 52. रागावू नकोस. तुझ्या सरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. पहिलीच्या पोराला आधी साधी बेरीज देतात, मग हातच्याची. आधी चार राऊंड, मग सहा. आधी सरळ चालून येणारा, मग डावखुरा, मग मार खाऊनही जागचा न हलणारा. आपल्या ऑलिंपिक पदकवाल्या विजेंदर सिंगला 2015 साली मँचेस्टरात व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा उतरवलं ते असंच पायरी बघून. बारा लढती जिंकला, आणि 2021 च्या मार्चमध्ये गोव्याला, कॅसिनोच्या जहाजावर, त्या उंच रशियन पोरानं त्याला हरवलं. जोड लावणाऱ्याचाही अंदाज चुकतो. तू तेव्हा मोबाईल भिंतीवर आपटणार होतास, आठवतं? आत्यानं हात धरला म्हणून वाचला.

फरक एवढाच, की या वेळी पुस्तक त्या इंग्लंडच्या पोराचं आहे. अकरा लढती, अकरा विजय. तू त्याचं बारावं गणित, आणि उत्तर शेवटच्या पानावर आधीच छापलेलं. त्याच्यासमोर जो ठरला होता तो ऐनवेळी गळाला म्हणून तुला दहा दिवस आधी बोलावलं. हॉलमधली तिकिटं विकणार तो, त्याची गल्ली, त्याचे मित्र, त्याच्या मामा-मावश्या. तो हरला तर पुढच्या वेळी तिकिटं कोण घेणार? आणि तिथं किताबाची लढत नसेल तर बहुतेक वेळा रिंगमधला पंच एकटाच गुण देतो. तो पंच लबाड असेल असं मी म्हणत नाही. पण हजार माणसं एकाच्याच ठोशाला ओरडत असली की माझ्यासारख्या पेपर तपासणारीच्या हातूनही अर्धा मार्क इकडचा तिकडं होतो.

बर्मिंगहॅमचा पीटर बकली म्हणून एक बॉक्सर होता. 300 लढती लढला, त्यातल्या 256 हरला. पुढं जगज्जेता झालेल्या नसीम हमीदचीही सुरुवातीची परीक्षा यानंच घेतली. बोलावलं की जायचं, उगवत्या पोराला चार राऊंड खेळवायचं, अंग राखून घरी यायचं. 2008 साली शेवटची लढत मात्र जिंकला आणि थांबला. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. अंग राखून हरणं हीसुद्धा विद्या आहे. पण ती तुला कुणी शिकवलेली नाही. तू जिंकायला निघालायस, आणि मला भीती त्याचीच आहे.

हे भाषण झालं. माफ कर. वर्गात नाही, घरात आहे हे मी विसरते.

तुझ्या बाबांची शेवटची कुस्ती मी पाहिली होती, हे तुला माहीत नाही. ताई पोटात होती. गाव सांगत नाही, त्या गावात अजून आपलं येणंजाणं आहे. जत्रेत जोडी कशा लावतात ते तू पाहिलंयसच. पैलवान मैदानात फिरायला लागले की पंच दोघांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, फुटलेले कान बघतात, तालीम विचारतात, मग हात वर करून इनाम पुकारतात. त्या दिवशी बड्या कुस्तीतला एक पैलवान आलाच नाही. दुसरा आखाड्यात उभा, हलगी कडाडतेय, पब्लिक बसायला तयार नाही. पंचांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "बोल, लढतोस?" समोरचा पंधरा-वीस किलोनं जड. सगळ्या गावाला दिसत होतं की ही काटाजोड नाही. बाबा हो म्हणाले.

अकरा मिनिटं धरलं रे त्यांनी. लोक उभे राहिले. मी शाल तोंडात धरून बसले होते आणि खरं सांगते, मला अभिमानच वाटत होता. मग गुडघा गेला. इनाम दीड हजार मिळालं, फेटा मिळाला. गुडघ्याला किती लागले ते विचारू नकोस. पंचांपैकी एकजण पुढं दोनदा भेटायला आला, नारळ घेऊन.

म्हणून मी परवा ओरडले. तुझ्यावर नाही, त्या हलगीवर.

खासबागेच्या दारावरून जाताना तू नेहमी म्हणायचास, शाहू महाराजांनी 1912 ला कुस्तीला एवढं मोठं मैदान बांधलं, मग बॉक्सिंगला का नाही एक? आणि खाशाबा जाधवांची गोष्ट मला दहादा सांगायला लावायचास. तीच आज पुन्हा सांगते, कारण लहानपणी मी त्यातला एक भाग गाळत होते. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, इथंपर्यंत तुला पाठ आहे. गाळलेला भाग असा, की जपानच्या इशीबरोबर दमछाक करणारी कुस्ती झाल्या झाल्या त्यांना सोव्हिएत रशियाच्या पैलवानासमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. सोन्या, नियम असतो. तो तुझ्या बाजूनं बोलणारा माणूस लागतो. सरांना व्हिसा मिळाला नाही असं तू जाता जाता सांगितलंस, जणू चप्पल विसरली असं सांगावं तसं. मग तुझ्या कोपऱ्यात कोण? त्या इंग्लंडवाल्यांनीच दिलेला कुणीतरी? त्याला तुझं नाव तरी नीट घेता येतं का? पाचव्या राऊंडला तू "ठीक आहे" म्हणालास तर ते खोटं आहे हे त्याला कसं कळणार? मला कळतं. तू डावी भुवई उचलतोस.

लिहिणार नव्हते ते लिहितेच. 1982 साली लास वेगासला एक कोरियन पोरगा लढला, डुक कू किम. तुझ्याच वजनाचा, लाइटवेट. वजनात बसताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. चौदाव्या राऊंडला पडला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर पंधरा राऊंडच्या लढती बाराच्या झाल्या. त्याच्या आईचं पुढं काय झालं तेही मी वाचलं, आणि मोबाईल उपडा घालून ठेवला.

काट्यावर तुम्ही दोघं सारखेच दिसाल. 61.2 आणि 61.2. पण त्यानं ते दहा आठवड्यांत उतरवलंय आणि तू दहा दिवसांत, त्यातलं निम्मं नुसतं पाणी. काटा पाणी कुठलं आणि मांस कुठलं हे सांगत नाही. बघ, शब्द मोडलाच मी.

बाबा मार्केट यार्डात तोलाईला लागले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. एकदा तुला घेऊन गेले आणि गुळाच्या काट्यावर बसवलं. एका पारड्यात तू, दुसऱ्यात दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप. तुझं पारडं खाली जाईना, वर लटकत राहिलं, आणि तू खदाखदा हसत होतास. हमालांनी रव्याचा एक कोपरा फोडून तुझ्या हातात दिला, तेव्हा काटा कुठं जरा हलला. घरी आलास तो कानापर्यंत गुळानं माखून. बाबा म्हणाले, "पोरगं हलकं आहे, पण चिवट आहे." ते वाक्य त्यांनी नंतर सगळ्या यार्डाला ऐकवलं. तू राज्य स्पर्धा जिंकलास तेव्हाही.

परवा तू गेल्यावर ते काही बोलले नाहीत. गुडघ्याला तेल चोळत बसले. मी विचारलं, तुम्ही तरी अडवायचं होतं. म्हणाले, "मला कुणी अडवलं असतं तर मी थांबलो असतो का?" मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याला सांग, दमानं लढ. आणि हात वर करून थांबलास तरी घरात कुणी काही म्हणणार नाही." हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी असते तर म्हणाले असते, जाऊच नकोस.

पैशाचं माझ्या लक्षात आहे. इथल्या चार लढतींचे पैसे एका रात्रीत. ताईच्या लग्नाचं कर्ज तुझ्या डोक्यावर आहे असं तुला वाटतं, पण ते माझ्या पेन्शनीतून दर महिन्याला जातं, जाऊ दे. त्यासाठी गेला असशील तर परत ये. त्यासाठी नसेल, तर मग माझ्याकडे बोलायला काही नाही.

शनिवारी मी बघणार नाही. ताई बघेल, पलीकडच्या खोलीत, आवाज बंद करून. शुक्रवारी काट्यावरून उतरलास की फोन कर. आकडा सांगू नकोस. काय खाल्लंस ते सांग.

तुझी,
आई

ता. क. डब्यातलं पिठलं आत्यानं संपवलं. मीठ जास्त झालं होतं म्हणाली.