मतासाठी बेल-भंडारा उचलायला लावू नका

संपादक महोदय,
ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमच्याकडं पैशाच्या पाकिटासोबत शपथपण येते. रात्री दोन-चार कार्यकर्ते घरी येतात, ताटात बेलाची पानं आणि मूठभर भंडारा असतो, उचला म्हणतात, म्हणजे मत फिक्स. शेजारच्या काकींनी मागच्या वेळी असाच उचलला, तोंडावर नाही कसं म्हणणार, पण मत मनाला पटलं त्यालाच दिलं आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पुढं महिन्याभरात नातवाला डेंग्यू झाला तर त्या सलाइनच्या बाटलीकडं बघत एकच बोलत होत्या, माझ्यामुळं झालं गं हे. पोरगं बरं झालं पण काकी अजून देवळाची पायरी चढायला घाबरतात.

देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली गुन्हा आहे, आधी आयपीसीतही होताच, पण गावात कुणाला माहितीये? दारू-पैशावर लक्ष ठेवणाऱ्या पथकांनी या ताटांकडंपण बघावं आणि हे कलम चावडीवर मोठ्या अक्षरात लावावं, हात जोडून विनंती आहे.

– एक वाचक, जि. सातारा