स्कॅफेलला एकटी जाऊ नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर तू इंग्लंडमधल्या त्या स्कॅफेल डोंगराचं बोललीस तेव्हा मी नुसतं 'हं हं' केलं, बाबा शेजारीच होते आणि त्यांचं बीपी तुला माहितीये. रात्री तुझा चॅप्टर वाचून काढला. कोलरिजच्या 'कुब्ला खान' कवितेवरची पानं फारच छान झालीयेत गं, 1797 साली अफू घेऊन शेतघरात पुस्तक वाचता वाचता डोळा लागलेल्या माणसाला दऱ्या, गुहा, बर्फ सगळं झोपेतच दिसतं, हे तू जसं उलगडलंयस तसं मला इतकी वर्षं वर्गात शिकवून जमलं नाही.

पण मग खऱ्या कड्यावर कशाला, आणि एकटीने? कोलरिज गेला म्हणून? 1802 च्या ऑगस्टमध्ये तो वाट न शोधताच उतरायला लागला, लटकून एकेका टप्प्यावर उड्या टाकत, परत वर जाता येईना, हातपाय थरथरायला लागले, तर उताणा पडून हसत सुटला आणि वर म्हणे, हे स्वप्न असतं तर मी किंचाळलो असतो! वाचला म्हणून कौतुक. तिथल्याच हेल्वेलिन डोंगरावर 1805 ला तो चार्ल्स गॉफ दगावला, तीन महिन्यांनी सापडला, कुत्रा तिथेच होता, त्यावर वर्डस्वर्थने कविता केली. गॉफच्या आईवर कोणी केली का?

धोका जरा लांब असला की भीतीतही आनंद असतो हे तत्त्वज्ञ बर्कचं तूच कोट केलंयस. मी एवढी लांब बसलेय, मला कुठे होतोय आनंद.

सॉरी, लेक्चर झालं. पण आल्प्समधल्या शामोनीवरची कविता कोलरिजने शामोनीला न जाताच लिहिली ना? (बरंचसं फ्रीडरीके ब्रून या कवयित्रीचं उचलून, तेवढं तू करू नकोस.)

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवतो? तू पालथी पडलेली, मामाने पाय धरलेले, सकाळचं ऊन पाठीवर, खालून ढग वर आले आणि त्यात गोल इंद्रधनुष्यासारखं इंद्रवज्र, मधे तुझीच सावली, तू हात हलवलास की तीही हलवतेय. कोलरिज हेच बघायला 1799 मध्ये दोनदा जर्मनीतल्या ब्रोकन डोंगरावर चढला, त्याला नाही दिसलं. तुला नववीत दिसलं! मी मात्र सगळा वेळ मामाच्या हातांकडेच बघत होते.

जायचंच असेल तर कोणालातरी बरोबर घे, तुझी ती केरळची मैत्रीण चालते ना ट्रेकला? आणि स्कॅफेलचा तो ब्रॉड स्टँडचा भाग नकोच, तिथेच अडकला होता कोलरिज. खाली आलीस की फोन कर, नुसता अंगठा पाठवू नकोस.

आणि शेलीची 'माँ ब्लाँ' कविता 1816 ची आहे, तू 1818 टाकलंयस, बदल ते.

आई