मुंबईहून क्रूझ: बंदरावर वेळेत पोहोचण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी आपलं जहाज मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटेल. पुण्याहून त्याच सकाळी स्वतःच्या गाडीने निघू नका, ही कळकळीची विनंती. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात तासन्‌तास अडकायला होतं आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते. तिथून टॅक्सीने बंदर अगदी जवळ आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र शुक्रवारीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जावं, म्हणजे दगदग होणार नाही. तिकिटावर चढण्याची शेवटची वेळ वेगळी छापलेली असते, तीच पाळा. मूळ ओळखपत्र आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा आधीच ताब्यात घेतात. कोण कसं येणार, ते बुधवारपर्यंत कळवा.